आईसाठी मेडिगॅप: प्लॅन जी की एन?

एडिसनकर: आई पुढच्या महिन्यात 65 ची होतेय, मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, तेव्हाच चालू. मेडिकेअरनंतर उरलेला खर्च उचलणारा खासगी सप्लिमेंट विमा (मेडिगॅप) जी घेऊ की एन? हिवाळ्यात ती पुण्यात असते.

खवचट_काकू: आधी तारखा बघा! पार्ट बी चालू झाल्यापासून 6 महिने कंपनी आजारामुळे नाही म्हणू शकत नाही, नंतर बीपी शुगर सगळं उकरतात

बंड्या: जीच घ्या. एनला डॉक्टरकडे गेलं की 20 डॉलरपर्यंत कोपे, म्हणजे खिशातून भरायचे. आणि जी सगळ्या कंपन्यांचा सारखाच, मग नावाला भुलून जास्त प्रीमियम कशाला? औषधांना पार्ट डी वेगळा हं

एडिसनकर: पुण्यात काही झालं तर?

खवचट_काकू: इमर्जन्सीला आधी 250 डॉलर आपण भरायचे (डिडक्टिबल), मग मेडिगॅप 80 टक्के देतो, तेही ट्रिपच्या पहिल्या 60 दिवसांतच. जास्त राहणार असतील तर तिकडची पॉलिसी बघा.