वेड्या बाभळीचंही बी मेंढ्या-शेरडंच पेरतात

एका दादांनी लिहिलंय की अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात १९९५ ला लांडगे सोडले तसं आपल्या माळावर करायचं, आणि त्याआधी मेंढ्या कायमच्या हाकलायच्या. अहो, आपल्याकडे लांडगा आहेच की! सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या आसपास काळवीट दिसतं, नशीब असेल तर लांडगाही. तो मेंढरांच्या मागावरच फिरतो.

आमच्या रानात धनगराचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट तळ, दरसाल उतरतो. वाघर (जाळीचं कुंपण) लावून रात्रभर मेंढ्या बसवल्या की सकाळी मुरमाड जमिनीवर लेंड्यांचा थर, वर मुताची ओल. पाऊस पडला की तेवढाच पट्टा गडद हिरवा दिसतो. कुसळी गवताचं बी तर लोकरीला चिकटून मैलोन्‌मैल जातं.

पण शेरडं वेड्या बाभळीच्या गोड शेंगाही खातात. बी पचत नाही, लेंडीतून पडतं आणि उगवतं. उघड्या माळाची काटेरी झाडी होते, मग माळढोकाला तिथं जागा कुठली? त्यामुळं जनावर सोडलं की माळ सुधारतो, हेही मला पटत नाही. किती जनावरं, किती दिवस, आणि गवताचं बी पडायच्या आधी की नंतर, यावर बोला. आमच्याकडं तरी दिवाळीनंतरच उतरू देतात.