निवेदन नाही म्हणून माहितीपट निःशब्द होतो का?

धागाकर्ता: रॉन फ्रिके यांचा १९९२ सालचा ‘बराका’ नुकताच पुन्हा पाहिला. ७० मिमी फिल्मवर २४ देशांत चित्रित झालेल्या या माहितीपटात ना निवेदक आहे, ना मुलाखती, ना स्थळांची नावे. एका प्रसंगात कारखान्याच्या पट्ट्यावरून कोंबडीची पिवळी पिल्ले वाहत येतात, नळकांड्यातून खाली घसरतात, त्यांच्या चोचींना डाग दिला जातो. आणि मधूनमधून टोकियोच्या स्थानकातील सरकत्या जिन्यांवरची माणसे दिसत राहतात. माणूस यंत्राचा गुलाम झाल्याचे निवेदकाने सांगितले असते, तर आपण मान डोलावून विसरून गेलो असतो. इथे ते वाक्य प्रेक्षकालाच जुळवावे लागते.

प्रतिसाद १: हे पटत नाही. ते वाक्य संकलनाच्या टेबलावर आधीच जुळवलेले असते, आणि निवेदकाशी निदान मनातल्या मनात वाद तरी घालता येतो. याच चित्रपटात वाराणसीचे घाट आहेत. आपण ते क्षणात ओळखतो, चितेजवळ उभी असलेली माणसे पुढे काय करणार हेही आपल्याला ठाऊक असते. बालीच्या केचक नृत्यात मात्र हात उंचावून ‘चक-चक’ असा घोष करणारे शेकडो पुरुष आपल्याला केवळ गूढ, आदिम वाटतात. वास्तविक ती वानरसेना आहे आणि केचकमध्ये सांगितली जाते ती रामकथाच! लहानपणापासून ऐकलेली गोष्ट समोर असून ओळखू येऊ नये, हा मौनाचा विजय कसा म्हणायचा?

धागाकर्ता: केचकचा मुद्दा मान्य. तरीही पडद्यावर ओळ उमटली की डोळे चेहरा सोडून ओळीकडे वळतात. दिग्दर्शक गॉडफ्री रेजिओ यांनी ‘कोयानिस्कात्सी’ या माहितीपटात (१९८२) शब्द टाळले, ते आपली भाषा आजच्या जगाचे वर्णन करण्यास असमर्थ ठरली आहे, या भूमिकेतून.

प्रतिसाद २: पण त्याच चित्रपटाच्या शेवटी, तोल गेलेले जीवन हा शीर्षकातल्या होपी (अमेरिकेतील एका मूलनिवासी जमातीच्या भाषेतील) शब्दाचा अर्थ आणि त्याच भाषेत गायलेल्या भाकितांचे भाषांतर पडद्यावर लिहून दाखवावे लागलेच ना? फिलिप ग्लास यांच्या संगीतावर धावणारे रात्रीच्या रस्त्यांवरचे दिव्यांचे ओघ, त्या ओळी नसत्या तर, मी शहराचा गौरव म्हणूनच पाहिले असते. आणि खरे सांगायचे तर, अर्थ वाचल्यानंतरही मला ते सुंदरच वाटतात.