मदत हवी आहे : फ्रिजला पाण्याची लाइन जोडली, पण पाणी येत नाही (सांगली)

वैतागलेला_विश्रामबागकर : दारातून पाणी आणि बर्फ देणारा फ्रिज घेतलाय. लाइन जोडून झाली. बटण दाबलं की मागनं घुर्रर्र आवाज येतो आणि पाणी थेंब थेंब. बर्फ तर नाहीच. कंपनीचा माणूस म्हणतो प्लंबिंग बघा, प्लंबर म्हणतो फ्रिज बघा. रविवारी पाहुणे आहेत. लवकर सांगा.

तासगावची_ताई : लाइन कुठनं घेतलीय? नळ, टाकी की आरओ?

माठप्रेमी : माठ घ्या. ना लाइन, ना फिल्टर. सर्दीही होत नाही.

वैतागलेला_विश्रामबागकर : पाण्याची लाइन म्हणजे पाण्याचीच की ओ! स्वयंपाकघरातल्या नळाला टी मारलाय.

पानाहातोडी : नळ कॉर्पोरेशनचा की गच्चीवरच्या टाकीचा? आणि मजला कितवा?

वैतागलेला_विश्रामबागकर : टाकीचा. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. त्याचा काय संबंध?

पानाहातोडी : तोच तर संबंध आहे. 10 मीटर उंचीवरच्या पाण्याला जेमतेम 14 पीएसआय (दाब मोजायचं माप) दाब मिळतो. तुमची टाकी डोक्यावर तीन-चार मीटर असेल, म्हणजे 5 पीएसआय धरा. अशा फ्रिजना साधारण 20 ते 30 तरी लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. व्हॉल्व्ह उघडतोय म्हणून आवाज येतोय, पाण्याला रेटाच नाही. खात्री करायची तर फ्रिजमागची पाव इंची नळी काढून बादलीत सोडा. जोराची धार पडली नाही तर फ्रिज निर्दोष. नळी मागे दुमडलेली नाही ना, तेही बघा.

दुष्काळी_आटपाडी : आरओची लाइन द्या, आमच्याकडं तशीच आहे.

पानाहातोडी : भिंतीवरच्या आरओच्या टाकीतलं पाणी स्वतःच्या वजनानं खाली येतं, त्याला दाब कुठला? तुमच्याकडं मध्ये पंप असणार.

दुष्काळी_आटपाडी : पंप आहेच, तो कोण मोजतंय! पण बोअरचं पाणी सरळ दिलं तर क्षार धरून व्हॉल्व्ह बसतो. फ्रिजचा फिल्टर क्लोरीन आणि वास काढतो, क्षार नाही.

तासगावची_ताई : त्यांनी बोअर म्हटलंय का कुठं? टाकीत कृष्णेचं पाणी असेल. पावसाळ्यात ते गढूळ येतं, आधी गाळाचा फिल्टर लावा.

स्टॅबिलायझर_भाऊ : व्होल्टेज किती येतं? स्टॅबिलायझर घ्याच.

पानाहातोडी : भाऊ, पाणी चाललंय, वीज नाही. विश्रामबागकर, आरओच्या दुकानात छोटा बूस्टर पंप मिळतो, प्रेशर स्विचसकट घ्या. बटण दाबलं की लाइनमधला दाब पडतो, पंप आपोआप चालू होतो. सुरुवातीला हवा निघेल, पाणी फटफटत येईल. पहिले काही लिटर आणि बर्फाचा पहिला घाणा फेकून द्या.

वैतागलेला_विश्रामबागकर : धारेला जोर अजिबात नाही. फ्रिज घेताना दुकानात हे कुणी बोललं नाही. पंपाचा आवाज किती येतो? आई हॉलमध्येच झोपते.

माठप्रेमी : माठाचा आवाज येत नाही.

तासगावची_ताई : पंपाखाली रबराचा तुकडा घाला. आणि रविवारी बर्फावर विसंबू नका. पंप बसला तरी पहिला बर्फ पडायला दिवसभर लागतो, चौकातनं आणून ठेवा.