उन्हाळा, पाणी आणि बारकी पोरं: तुमचे अनुभव टाका

कटाची_आमटी:
काल माळा आवरायला काढला. आजीचं तांब्याचं घंगाळ सापडलं. बूड काळंठिक्कर, एक कडी गायब. मोडीत द्यायचं म्हणून अंगणात आणून ठेवलो आणि चहा टाकायला आत गेलो, तेवढ्यात आमची तीन वर्षांची त्यात जाऊन बसली. रिकाम्यातच. वर म्हणते, "पाणी घाल."

घातलं दोन तांबे. मग आणि दोन. दीड तास हलली नाही. साहित्य काय, तर वाटी, चहाची गाळणी, रॉकेलच्या जमान्यातलं नरसाळं आणि कढीपत्त्याच्या काड्या. काड्यांच्या म्हशी झाल्या. गाळणीत पाणी का राहत नाही, ह्यावरनं माझ्याशी भांडण.

मीही ह्याच घंगाळात बसलेलो. कोल्हापूरला शुक्रवार पेठेत आजोळ. मे महिन्यात आजी सकाळीच पाणी भरून उन्हात ठेवायची, अकरापर्यंत कोमट. बंब पेटवायला नको, सरपण वाचलं. आम्ही पाच भावंडं, घंगाळ एक, म्हणून नंबर. नंबर मोडला की मावशीचा धपाटा. संध्याकाळी मामा घाटावर न्यायचा. पावसाळ्यात बुडणारी पंचगंगेतली बारकी देवळं उन्हाळ्यात उघडी पडलेली असायची, त्यांच्या पायरीवर बसून पाय सोडायचे. आता पोरीला तिथं पाण्यात सोडायचं धाडस होत नाही, पाण्याचा रंग बघूनच.

तर तुम्ही काय खेळलाय, आता पोरांना काय खेळवताय? लिवा. घंगाळ मोडीत जात नाही, हे जाहीर करतो.

पुण्याची_सून:
किती छान लिहिलंत दादा!

कटाची_आमटी:
दादा नव्हे, ताई.

पुण्याची_सून:
अय्यो सॉरी. पण "गेलो", "करतो" लिहिलंय ना?

डबल_तांबडा:
कोल्हापूरच्या बायका येतो-जातोच म्हणतात. माझी आई सत्तर वर्षांची आहे, अजून "मी जेवलो" म्हणते. सवय करून घ्या.

पुण्याची_सून:
माझ्या सासूबाई पण! मला वाटायचं त्या गंमत करतात. लग्नाला चार वर्षं झाली 🙈

फुलेवाडीकर:
घंगाळ वगैरे शहरातले लाड. आम्हाला थेट हिरीत. वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधला, तोंड झाळून बंद केलेला, आणि ढकललं. चुलत भावाला वाळका भोपळा, थोरल्याला पांगिऱ्याचं लाकूड. आठ दिवसांनी डबा सुटला तरी मला कळलं न्हाई, मी आपला पोहतोय. मग काठावरनं मुटके. ज्याचं पाणी वर थारोळ्यापर्यंत उडंल तो राजा. बायका कपडे धूत असायच्या, त्या शिव्या देऊन देऊन दमायच्या.

माझ्या पोराला मात्र हिरीत सोडलं न्हाई अजून. पाच वर्षांचा आहे. बायको म्हणते आधी क्लास. क्लासमध्ये सर म्हणतात आधी श्वास. श्वास घ्यायला शिकतोय तीन आठवडे.

रंकाळाकाठ:
@फुलेवाडीकर श्वासाची फी किती

फुलेवाडीकर:
सांगत न्हाई. हिरीत फुकट होता.

बालवाडी_ताई:
मधल्या सुट्टीत लिहितेय, चुका पोटात घाला. बारक्यांना महागाचं काही लागत नाही. दोन वर्षांच्याला दोन पेले द्या, ह्यातलं त्यात. मनगट फिरतं, पुढं पेन्सिल धरताना तेच कामाला येतं. तीन-चारच्यांना रंगाऱ्याचा जुना ब्रश आणि बादलीभर पाणी द्या, अंगणातली फरशी "रंगवा" म्हणा. पहिलं टोक रंगवून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. काम संपतच नाही. तुमचा स्वयंपाक होतो.

अजून एक. प्लास्टिकच्या बाटलीला खालच्या अंगाला दाभणानं बारीक भोक पाडा. बाटली भरून झाकण घट्ट लावलं की धार थांबते, सैल केलं की सुरू. वरनं हवा आत शिरली तरच पाणी खाली सुटतं. पोरांना वाटतं ताईंना जादू येते. मीही काही सांगत नाही.

आणि हळदीचं पाणी करून त्यात साबणाचं पाणी ओतायला सांगा. पिवळ्याचं लाल होतं. किंचाळतात नुसती.

आईसाहेब_थकल्या:
ताई, ते हळदीचं आमच्याकडं झालं. पांढरा फ्रॉक. मी साबण लावला तर डाग लालभडक! मला वाटलं रक्त. सासूबाई धावत आल्या.

बालवाडी_ताई:
उन्हात घाला. हळदीचा डाग उन्हानं उडतो. लाजेचा नाही उडत 😄

खजिन्यापाशी:
आम्ही राहतो पाण्याच्या खजिन्याजवळ. नावात पाणी, नावात खजिना, नळाला पाणी पहाटे आणि करंगळीएवढी धार. काळम्मावाडी धरणातनं पाणी आणणारी थेट पाइपलाइन येईपर्यंत आमची एक पिढी म्हातारी झाली. त्यामुळे पोरं खेळतात तेच पाणी झाडांना, नाहीतर संडासाला. पोराला मी सांगून ठेवलंय, साबण घालायचा नाही, तुळस मरंल.

रंकाळाकाठ:
रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट कुणी सांगते का हल्ली पोरांना? रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं, तळ्याला पोचला की जगबुडी. आमचे आजोबा सांगायचे. मी पाच वर्षांचा असताना खडूनं खूण करून आलेलो. दुसऱ्या दिवशी खूणच पुसलेली. आठ दिवस ताप.

डबल_तांबडा:
धागा पाण्याच्या खेळांचा आहे भावा

रंकाळाकाठ:
तळं म्हणजे पाणीच की

शिरोळकडची:
आमचं थोडं वेगळं. २०१९ च्या महापुरात माझा मुलगा तीन वर्षांचा होता. बोटीतनं बाहेर काढलं आम्हाला, त्याचा हात माझ्या मानेतनं सुटत नव्हता. पुढचे दोन उन्हाळे तो टबात बसला नाही. अंघोळही तांब्यानं, उभ्याउभ्या, डोळे मिटून. कुणी म्हणालं जबरदस्तीनं बसवा. नाही बसवलं.

मग एकदा परातीत दोन पेरं पाणी घेऊन मी एकटीच कागदाच्या होड्या सोडत बसले. त्याच्याकडं बघायचंच नाही, असं ठरवून. चौथ्या दिवशी आला आणि म्हणाला, "ह्या होडीत आजी बसू दे." शेंगदाणा ठेवला. मग बाबा, मग म्हैस (चिंचोका). सगळे पलीकडच्या काठाला नेऊन उतरवले. रोज तोच खेळ, महिनाभर. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मात्र त्यानंच विचारलं, आपली होडी कधी येणार.

आता पोहतो.

कटाची_आमटी:
शिरोळकडची, काय लिहू. चहा गार झाला वाचता वाचता.

आईसाहेब_थकल्या:
🙏 चिंचोक्याची म्हैस.

गवळीवाडा:
म्हशीचा विषय निघालाच हाय तर. आमी बारके असताना म्हशी धुवायला नदीत न्यायचो. म्हैस पाण्यात बसली की पाठीवर आमी. ती डुंबत सरकायची, आमी राजे. तिला बाहेर यायचं नसायचं, आमालाबी न्हाई. धारेची वेळ झाली की आबा काठावरनं हाळी द्यायचा, म्हैस ऐकायची, आमी न्हाई. आता धाकटीला गोठ्यात पाइप देतो, रेडकाला अंघोळ घालते. उन्हातला पाइप असंल तर पयलं पाणी सोडून द्या, चटका बसतोय.

नाव_नको_माझं:
मजेच्या धाग्यात लिहू की नको असं झालं, पण लिहिते. माझा भाचा तेव्हा सव्वा वर्षाचा. दुपारी खेळून झालं, सगळे जेवायला बसलो, न्हाणीत बादली तशीच राहिली. अर्धी पण नव्हती. हा रांगत गेला, वाकला, डोकं आत. आवाज नाही, काही नाही. बारकी पोरं बुडताना ओरडत नाहीत हो. सासूबाई हात धुवायला उठल्या म्हणून. आता ठणठणीत आहे, चौथीत आहे. पण आमच्या घरात तेव्हापासून बादली पालथी असते. पाहुण्यांकडं गेले तरी मी आधी न्हाणीत जाऊन बघते, लोकांना विचित्र वाटतं.

बालवाडी_ताई:
बरं झालं लिहिलंत. टब, पिंप, परात, सगळं खेळ संपला की लगेच ओतायचं. आणि पोरं पाण्यात असताना मोबाईल आत. मीही मोबाईलवरच आहे, पण माझी पोरं डबा खातायत.

कटाची_आमटी:
घंगाळ पालथं घालून आलो आत्ताच.

पुण्याची_सून:
आम्ही एका वॉटर पार्कला नेलं होतं (नाव घेत नाही). तिकीट माणशी हे एवढं, आणि लेक दिवसभर कुठे रमली माहितीये? पाय धुवायच्या नळापाशी.

डबल_तांबडा:
हाहाहा काटा किर्रर्र

आईसाहेब_थकल्या:
घंगाळ कशानं घासणार? चिंच-मीठ लावा, बुडाला राख. पितांबरीनं चरे पडतात असं आमच्या आत्या म्हणतात. आणि कडी गुजरीत (सोनारांच्या पेठेत) नाही मिळायची, भांड्याच्या जुन्या दुकानात विचारा.

कटाची_आमटी:
चिंच भिजत घातली आहे. लेक म्हणते, मीच घासणार. अर्धी चिंच तोंडात.

रंकाळाकाठ:
ढग बघा ओ. जोतिबाच्या अंगानं काळं झालंय

फुलेवाडीकर:
हिकडं आला. वळीव. टपोरे थेंब

गवळीवाडा:
गारा!!!

खजिन्यापाशी:
आमच्याकडं अजून कोरडं. नळासारखंच.

आईसाहेब_थकल्या:
पापड गच्चीवर आहेत माझे, नंतर येते

बालवाडी_ताई:
शाळा पत्र्याची, काही ऐकू येत नाहीये, सगळी व्हरांड्यात पळाली, मी पण

कटाची_आमटी:
आमचीनं घंगाळ उलटं करून सुलटं केलंय आणि अंगणाच्या मध्ये ओढत नेलंय. टणटण वाजतंय गारांनी. फोन ठेवतो.