मदत हवी आहे: आईचं खातं सहकारी बँकेत हलवावं का?

नमस्कार मंडळी. काल आईचं पासबुक भरून आणलं आणि जीव जळला. एकाच पानावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड, एसएमएसचे पैसे, डेबिट कार्डाची वार्षिक फी, आणि प्रत्येकावर वर 18 टक्के जीएसटी. आई शिवणकाम करून शंभर-दोनशे साठवते. ते कार्ड तर अजून पाकिटातून बाहेरही काढलेलं नाही! शाखेत विचारलं तर "सिस्टीमने कापलंय" एवढंच उत्तर.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक नागरी सहकारी बँक आहे. तिथला कॅशियर "काकू, चष्मा आणलाय ना?" असं विचारून स्वतः स्लिप भरून देतो. खातं तिथेच न्यावं असं मनात आहे. पण 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आले तेव्हा खातेदारांचे झालेले हाल आठवतात आणि धाकधूक होते. 5 लाखांपर्यंतचा ठेवविमा सहकारी बँकांनाही असतो, पतसंस्थांना नसतो, हे माहीत आहे. आईची रक्कम त्याच्या खूपच आत आहे. तरी पैसे मधेच अडकले तर औषधपाण्याचं काय?

छोट्या बँकेचा ताळेबंद बघताना नेट एनपीए (तरतूद वजा करून उरलेली थकीत कर्जं) सोडून आणखी काय तपासता? की आहे त्याच बँकेत झिरो बॅलन्सचं मूलभूत बचत खातं करून घ्यावं? तसा अर्ज कुणी दिला असेल तर त्यात काय लिहिलंत, आणि आधी कापलेले पैसे परत मिळाले का, तेही कृपया सांगा. गॅसचं अनुदान याच खात्यात येतं, ते वळवायला किती दिवस लागतात?