इंजिनिअरिंग सोडून बी.ए. : 'मनाचं ऐक' म्हणणाऱ्यांनो, नोकरीचं बोला

रोखठोक
एका पोराने इथे धागा काढून विचारलं, 'मेकॅनिकलचं दुसरं वर्ष सोडून बी.ए.ला आलोय, पुढे नोकरी मिळेल ना?' खाली सगळे 'मनाचं ऐक, बिनधास्त राहा' म्हणून मोकळे. बी.ए. कशात, हे एकालाही विचारावंसं वाटू नये?

मानसशास्त्र असेल तर नुसत्या पदवीवर दवाखान्याची स्वप्नं पाहू नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) मान्यतेचा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. शिक्षक व्हायचं तर दोन वर्षांचं बी.एड., मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), मग सरकारी शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. त्यातही २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागतं. प्राध्यापकी? सेट ही पात्रता परीक्षा झालेले तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर, शिकवून बिलांची वाट बघतायत.

मधली_सुट्टी
भीती घालून झाली असेल तर दुसरी बाजू ऐका. राज्यसेवा, बँका, स्टाफ सिलेक्शन यांच्या बहुतेक पदांना कुठलीही पदवी चालते. अर्धवट मेकॅनिकल कुठेच चालत नाही. केटी (राहिलेले विषय) साचवत बसण्यापेक्षा हातात पदवी बरी.

आणि टेटचे २०० गुण कसले? १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. विषयज्ञान शून्य. आकडेमोडीची सवय असलेल्याला फायदाच.

पोरा, अर्थशास्त्र घेतलं असशील तर इंजिनिअरिंगचं गणित, एम-वन, एम-टू, वाया गेलं नाही. गणित टाळून आलेली मुलं एम.ए.ला इकॉनॉमेट्रिक्समध्ये (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) आपटतात, कारण मॅट्रिक्स आणि डेरिव्हेटिव्ह येत नाहीत. भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, तिथे नुसत्या बी.ई.ला अर्जसुद्धा करता येत नाही.

हिशेबनीस
आली राज्यसेवा! कला शाखेचा धागा आणि एमपीएससी नाही, असं होतच नाही. ती लॉटरी आहे. तरी बसायचंच असेल तर नीट सांगा. नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षा १७५० गुणांची, त्यात वैकल्पिक विषयाचे ५००. मराठी आणि इंग्रजीचे ३००-३०० चे पेपर फक्त पात्रतेचे, २५ टक्के पुरे. म्हणजे बी.ए.चा विषयच वैकल्पिक घेतला तरच तीन वर्षांचा उपयोग. मुलं 'स्कोअरिंग' म्हणून तिसराच विषय उचलतात आणि क्लासची फी भरतात.

मधली_सुट्टी
बरोबर. लॉटरी म्हणता म्हणता तिकीट कुठे काढायचं तेही सांगितलंत, आभारी आहे.

पै_पै
सरकारी नोकरीच्या बाहेर जग आहे, हे कुणी सांगेल का? मराठी-इंग्रजी दोन्ही पक्कं असेल तर भाषांतर करा. सबटायटल्स, बँकांचे फॉर्म, अ‍ॅपची बटणं, सगळं मराठीत लागतं.

हिशेबनीस
शब्दाला पन्नास पैसे. यंत्राने केलेलं 'जरा तपासून द्या' म्हणाले की त्याच्याही निम्मे. झाली नोकरी?

पै_पै
पन्नास पैसे घेणारे आहेत म्हणून पन्नास पैसे मिळतात! आधी एवढं तरी ठरवा की मोजणी मूळ इंग्रजी मजकुराची की मराठीची. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, 'इन द हाउस'चे तीन शब्द 'घरात' या एकाच शब्दात मावतात. हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत बरेच कमी भरतात, आणि एजन्सी नेमकी मराठी मोजणी धरते. 'सोर्स वर्ड काउंट' असं ऑर्डरवर लिहून घ्या.

दुसरं, ट्रॅडोस या भाषांतराच्या सॉफ्टवेअरचा अ‍ॅनालिसिस रिपोर्ट मागा. जुन्या भाषांतराशी पूर्ण जुळलेल्या वाक्यांना जवळपास शून्य आणि बरंचसं जुळलेल्यांना कमी दर लावतात. पण इंग्रजी वाक्यात एक नाम बदललं की मराठीत लिंग, वचन, क्रियापद सगळं फिरतं. ते जादा काम फुकटात जातं.

रोखठोक
धागा नोकरीचा आहे.

पै_पै
मग हे काय, भजन चाललंय? नोकरी म्हणजे फक्त मस्टरवर सही का?

हिशेबनीस
बरं, दराचा मुद्दा मान्य. पण यंत्राचं तपासायचं काम शब्दावर घेणारा बुडतो. यंत्राची वाक्यं वरवर गुळगुळीत असतात, चूक शोधायलाच वेळ जातो. तासावर घ्या, आणि आधी दोनशे शब्दांचा नमुना मागवून दर सांगा. नमुनाच पुन्हा लिहावा लागला तर पूर्ण भाषांतराचा दर लावा.

मधली_सुट्टी
आणि टायपिंग? श्रीलिपी या जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर शिकलेला माणूस युनिकोडची (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीची) फाइल उघडून बघत बसतो. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड पहिल्या वर्षीच हातात बसवा. मराठीच्या लिपिक-टंकलेखकाला टायपिंग मिनिटाला ३० शब्द लागतंच, तेच इथेही कामी येतं.

पै_पै
फोनेटिकवर, इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करून, काय वाईट चाललंय?

मधली_सुट्टी
'र्‍हस्व' आणि 'ऱ्हस्व' मधला फरक दिसतो का तुम्हाला? नाही ना. दिसायला सारखे, पण संगणकाला दोन वेगळे शब्द. शोधताना सापडत नाही म्हणून क्लायंट फाइल परत पाठवतो, तेव्हा दिसेल.