मदत हवी आहे: एस्कॉर्टच्या जाहिरातीत आमचा नंबर आहे, आता पोलिसांचा फोन आलाय

रसिका_डोंबिवली
कृपया लवकर उत्तर द्या, उद्या सकाळच्या आत ठरवायचं आहे. गेले काही महिने नंबरवर घाणेरडे फोन येताहेत, रात्री अकरानंतर जास्तच. 'रेट काय', 'कुठे यायचं', 'हॉटेल चालेल का'. ब्लॉक करून करून थकलो. शेवटी अशाच एका फोनवाल्याने लिंक पाठवली, तेव्हा कळलं की कॉल गर्लच्या जाहिरातीत हा नंबर आहे. आज दुपारी एकाचा फोन आला: 'पोलीस ठाण्यातून बोलतोय, अशा जाहिरातींवर कारवाई चालू आहे, त्यातले नंबर तपासतोय, उद्या अकराला या.' जायचं का? वकील लागेल का? अटक होते का यात? आमच्या घरात कुणी कधी ठाण्याची पायरी चढलेलं नाही.

मंदार७७
कुठलं ठाणं? नंबर नक्की कोणाचा, तुमचा की मिस्टरांचा? जाहिरातीत फोटो आहे का? एवढं तरी सांगा, नाहीतर काय उत्तर देणार.

किबोर्डवाला
अजिबात जाऊ नका, फोनही उचलू नका. हे डिजिटल अरेस्टवाले आहेत. माझ्या साडूंना असाच फोन आला होता, 'तुमचा नंबर अश्लील जाहिरातीत सापडला' म्हणून. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे बोर्ड, सगळं. चार तास बसवून ठेवलं आणि पैसे काढून घेतले. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून सांगितलंय की डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात नाही.

निवृत्त_खाकी
किबोर्डवाला, साडूंच्या बाबतीत वाईट झालं. पण प्रत्येक फोन खोटा धरून चालत नाही. रसिकाताई, त्याने पैसे मागितले का? व्हिडिओ कॉलवर या म्हणाला का? 'कुणाला सांगू नका' म्हणाला का? तिन्हीला नाही असेल तर फोन खरा असू शकतो. पिटाच्या, म्हणजे वेश्याव्यवसाय आणि दलालीविरोधी कायद्याच्या कामात जाहिरातीतले नंबर काढूनच सुरुवात होते. बोगस ग्राहक त्या नंबरवर फोन लावतो, ठिकाण आणि दर ठरतो, पंच घेतात, खुणा केलेल्या नोटा देतात, मग छापा. नंबर लागला नाही किंवा भलत्यानेच उचलला तर तो कुणाचा हे विचारावं लागतं.

खात्री करायची तर त्याने दिलेल्या नंबरवर फोन लावू नका. पोलीस आयुक्तालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ठाण्याचा नंबर घ्या आणि ठाणे अंमलदाराला नाव, हुद्दा, बक्कल नंबर सांगून विचारा.

आणि एक. नंबर वापरणारी बाई असेल तर जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावताच येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ बघा. जबाब घरी येऊन घ्यायचा. जुन्या सीआरपीसीत हेच कलम १६० होतं.

पुणेरी_पगडी
नंबर बदला आणि मोकळे व्हा. शंभर दोनशे रुपयांचं सिम. त्यासाठी वकील, ठाणं, संहिता कशाला?

मंदार७७
बँक, आधार, गॅस, पेन्शन सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं हो. शिवाय पोलिसांचा फोन आल्यावर लगेच सिम फेकलं तर ते कसं दिसेल? माझ्या मते अजिबात बदलू नये.

पुणेरी_पगडी
ते ठीक, पण रात्रीबेरात्री कुणी ऐकायचं ते घाण? तुमच्या घरात येत नाहीत ते फोन.

विनायक_सातारा
ज्यांचे ॲडव्हान्सच्या नावाखाली पैसे गेलेत त्यांनी लाजेपोटी गप्प बसू नये. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत केला तर रक्कम गोठवता येते.

रसिका_डोंबिवली
विनायकजी, आमचे पैसे गेलेले नाहीत, आम्ही त्यातले नाही!

नंबर आईचा आहे. तिचं वय ६३. सिम माझ्या नावावर आहे, मीच घेऊन दिलं, चार महिने झाले. जाहिरातीत कुणा तरुण मुलीचा फोटो आहे, आमच्यापैकी कुणाचा नाही. पैसे मागितले नाहीत, व्हिडिओ कॉल नाही. ठाणं ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीतलंच सांगितलं. आईला अजून लिंक दाखवलेली नाही. तिला वाटतं, भजनी मंडळाच्या ग्रुपवरून कुणीतरी नंबर वाटला. परवापासून ती मंडळात गेलेली नाही.

मंदार७७
चार महिन्यांपूर्वीचं नवीन सिम! हे आधी सांगायला हवं होतं. जाहिरात कधीची आहे?

रसिका_डोंबिवली
आत्ता पाहिलं. खाली तारीख आहे, सव्वा वर्षापूर्वीची.

ॲड_मेधा
मग चित्र बरंच स्पष्ट झालं. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, हे सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं आहे. तुमच्या आईंना मिळालेला नंबर आधी दुसऱ्या कुणाकडे होता आणि जाहिरात तेव्हाची आहे.

कंपनीच्या दुकानातून सिम सुरू झाल्याची तारीख लेखी घ्या, हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट असा काढा की पूर्ण लिंक आणि तारीख दोन्ही दिसतील, आणि हे आधी करा. साइटला 'काढून टाका' म्हणून लिहिलंत आणि त्यांनी काढली, तर पुरावाही गेला. जबाबाची प्रत मागा. अटकेची भीती बाळगू नका, तुम्ही इथे साक्षीदारसुद्धा जेमतेम आहात.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. २०२१ चे आयटी नियम आले तेव्हा नग्न चित्रं आणि तोतयेगिरीच्या तक्रारीवर साइटला मजकूर काढायला २४ तासांची मुदत घातली होती. पण तुमच्याकडे फोटो आईंचा नाही आणि जाहिरात टाकली तेव्हा नंबरही त्यांचा नव्हता. त्यामुळे त्या मुदतीवर विसंबू नका.

कोकणी_मेवा
मुळात या साइट चालू ठेवतातच का? एका आदेशात सगळ्या बंद करा.

मंदार७७
केल्या होत्या. जून २०१६ मध्ये केंद्राने एस्कॉर्टच्या २४० साइट ब्लॉक करायला सांगितल्या होत्या. नाव एका अक्षराने बदलून परत येतात. जाहिरात, नंबर, फोटो सगळं तसंच उचलून नव्या साइटवर.

न्यूजर्सीचा_नाना
इथे अमेरिकेत तेच पाहिलं. क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या साइटने दबावामुळे २०१० मध्ये अशा जाहिरातींचा विभाग बंद केला, गिऱ्हाईक बॅकपेज या दुसऱ्या तशाच साइटवर गेलं. एप्रिल २०१८ मध्ये एफबीआयने बॅकपेज जप्त केलं, पाचच दिवसांनी अशा साइटांविरुद्धचा नवा कायदाही सही होऊन आला. तीन वर्षांनी सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला की त्या कायद्यातलं नवं फौजदारी कलम फक्त एकदा वापरलं गेलं. साइट परदेशी सर्व्हरवर गेल्या आणि पोलिसांना माहिती मिळणं उलट अवघड झालं.

किबोर्डवाला
नाना, अवांतर होतंय. डोंबिवलीच्या बाईंना उद्या अकरा वाजता काय करायचं ते सांगा.

शुभदा_का
अवांतर नाही ते. मी पुण्याच्या बुधवार पेठेत, वेश्यावस्तीत, आरोग्य प्रकल्पावर नऊ वर्षं काम केलं. साइट बंद पडली की बाया दलालाकडे परत जातात, कारण स्वतः गिऱ्हाईक पारखायची सोय जाते. सज्ञान बाईने स्वखुशीने हे काम करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं आणि दलाली हे गुन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पोलिसांना स्पष्ट सांगितलंय की अशा बायकांना छळू नका.

कोकणी_मेवा
म्हणजे जाहिराती चालू द्यायच्या? आणि त्यात पळवून आणलेल्या पोरी असतात त्यांचं काय?

शुभदा_का
असतात, म्हणून तर माग ठेवावा लागतो. फोटोतली मुलगी कोण, नंबर आधी कुणाकडे होता, हे विचारणारं कुणीतरी हवं. रसिका, त्या फोनांत वेगळा असा एखादा आला होता का? गिऱ्हाईक नसलेला?

रसिका_डोंबिवली
हे मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आईला विचारलं. दोनदा एका बाईचा फोन आला होता. मोडकंतोडकं हिंदी, मध्येच बंगाली असावं. मुलीचं नाव घेऊन 'उसको दो' म्हणत होती, रडत होती. आईने राँग नंबर सांगून ठेवला.

निवृत्त_खाकी
ताई, हे जबाबात सगळ्यात आधी सांगा. आईंच्या मोबाइलमधून तो नंबर, तारीख, वेळ काढून ठेवा, कॉल लॉग पुसू नका. हे अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाला कळवायला सांगा, आणि स्टेशन डायरीत नोंद झाली का ते विचारा.

रसिका_डोंबिवली
उशिरा लिहितेय. ठाण्यात फोन लावला, फोन खरा होता. कलम सांगितल्यावर कुरकुर झाली थोडी, पण दुपारी एक महिला हवालदार आणि एक साहेब घरी आले. सिमच्या तारखेचं पत्र बघितल्यावर आमचा विषय दहा मिनिटांत संपला. बाकीचा पाऊण तास त्या बाईच्या फोनबद्दलच विचारत होते. आईने आवाज, शब्द, सगळं आठवून सांगितलं. मुलीचं नाव तिला नीट आठवलं, मला आठवत नव्हतं.

पुणेरी_पगडी, नंबर बदलायचं मी आज परत काढलं होतं. आई नको म्हणाली. म्हणाली, ती बाई परत फोन करेल तेव्हा उचलायला कुणी हवं. आता अनोळखी फोन मी घेते रात्री, आणि पलीकडे बाईचा आवाज असेल तर तिला देते.

मेधाताई, जाहिरात आणखी एका साइटवर सापडली आहे. तिथे पत्ता नाही, ईमेल नाही. तिचं काय करू?

ॲड_मेधा
स्क्रीनशॉट काढून सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर महिलांच्या विभागात टाका, आणि तीच प्रिंट त्या साहेबांना अर्जासोबत देऊन पोच घ्या. गुगलच्या शोधात नंबर दिसत असेल तर तो काढण्याची विनंती गुगललाच वेगळी करता येते. पण आधी साहेबांना विचारा. तो नंबर शोधात दिसत राहणं त्यांना सध्या हवं असू शकतं.